शटडाऊनमध्ये अडकलेला पगार : अमेरिकेच्या फेडरल सेवेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेच्या फेडरल सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्या तारखेपर्यंत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खर्चाची विधेयके किंवा निदान तात्पुरता मुदतवाढीचा ठराव मंजूर केला नाही, तर ज्या खात्यांची तरतूद संपली आहे त्यांचे कामकाज थांबते. यालाच शटडाऊन म्हणतात. तात्पुरता ठराव संपल्यावर वर्षाच्या मध्येही हीच वेळ येऊ शकते. भारतात अर्थसंकल्प वेळेत संमत होणार नसेल तर लेखानुदानाने काम भागते, त्यामुळे सरकारी पगार अशा कारणाने थांबू शकतो ही कल्पनाच आपल्याकडून गेलेल्या माणसाला प्रथम पटत नाही. अमेरिकेत मात्र २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस असे दोन दीर्घ शटडाऊन गेल्या काही वर्षांतच झाले आहेत. पहिल्यात सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले होते.

अशा वेळी कर्मचाऱ्याच्या मनात दोन प्रश्न असतात : पगार मिळणार का, आणि केव्हा मिळणार. पहिल्याचे उत्तर आजच्या कायद्यानुसार जवळजवळ ठाम होकारार्थी आहे. दुसऱ्याच्या बाबतीत कायदा कर्मचाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही, आणि उशिराबद्दल भरपाई मिळण्याची जी वाट काही वर्षे खुली वाटत होती तीही २०२२ मध्ये न्यायालयाने बंद केली. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक लक्षात ठेवून वाचाव्यात.

प्रथम दोन कायदे समजून घ्या

पहिला कायदा अँटीडेफिशियन्सी अॅक्ट. काँग्रेसने मंजूर न केलेला पैसा खर्च करण्यास किंवा तसे दायित्व घेण्यास तो अधिकाऱ्यांना मनाई करतो, आणि जीवित व मालमत्तेच्या संरक्षणासारखे अपवाद सोडता कोणाकडूनही फुकट काम करून घेण्यासही मनाई करतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यात आहे. हा कायदा एकोणिसाव्या शतकातला असला तरी तरतूद संपताच दारे बंद करण्याची पद्धत तुलनेने नवी आहे. तत्कालीन अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० आणि १९८१ मध्ये या कायद्याचा काटेकोर अर्थ लावणारी मते दिली, तेव्हापासून ती रूढ झाली. त्याआधी तरतूद संपली तरी काँग्रेस पुढे पैसे देईलच, असे गृहीत धरून खाती काम चालू ठेवत असत.

दुसरा कायदा १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अॅक्ट, म्हणजे बोलण्यातला ‘एफएलएसए’. किमान वेतन (फेडरल दर जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर) आणि आठवड्यात ४० तासांपुढच्या कामाला दीडपट ओव्हरटाइम या त्याच्या दोन मुख्य हमी आहेत. १९७४ पासून तो फेडरल कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वेतन ठरलेल्या पगाराच्या दिवशी मिळाले पाहिजे, असे शब्द कायद्यात नाहीत, पण उशिरा दिलेले वेतन म्हणजे न दिलेले वेतन, असा अर्थ न्यायालयांनी बऱ्याच प्रकरणांत लावला आहे. कॅलिफोर्निया राज्याचा अर्थसंकल्प रखडल्याने राज्य कर्मचाऱ्यांचे पगार लांबले, तेव्हा १९९३ मध्ये बिग्ज विरुद्ध विल्सन या खटल्यात नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने हेच म्हटले होते.

एक कायदा ‘वेळेवर द्या’ म्हणतो, दुसरा ‘देऊच नका’ म्हणतो. शटडाऊनमधले सगळे वेतन-वाद या पेचातून निघालेले आहेत.

पायरी १ : आपण कोणत्या गटात आहोत हे लेखी मिळवा

शटडाऊन सुरू होताना खाते प्रत्येकाला कळवते की तो फर्लोवर आहे, म्हणजे सक्तीच्या बिनकामाच्या व बिनपगारी स्थितीत आहे, की ‘एक्सेप्टेड’ आहे, म्हणजे पगार हातात न पडता त्याने कामावर यायचे आहे. विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस, एअर ट्रॅफिक कंट्रोलर, सीमेवरचे अधिकारी, तुरुंगरक्षक हे दुसऱ्या गटातले नेहमीचे लोक. याशिवाय तिसरा गट आहे, ज्यांचा पगार वार्षिक तरतुदीतून न येता शुल्क किंवा अन्य निधीतून येतो. ते ‘एक्झेम्प्ट’ म्हणवले जातात, काम करतात आणि पगारही घेतात. टपाल खाते स्वतःच्या उत्पन्नावर चालत असल्याने तेथील कर्मचाऱ्यांना शटडाऊनची झळ बसत नाही.

येथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण ‘एक्झेम्प्ट’ हाच शब्द एफएलएसएमध्ये पूर्णपणे वेगळ्या अर्थाने येतो. तेथे तो ओव्हरटाइमच्या संरक्षणाबाहेर असलेल्या, व्यवस्थापकीय किंवा व्यावसायिक स्वरूपाच्या पदाला लावतात. त्यामुळे एखादा अधिकारी शटडाऊनच्या हिशेबात एक्सेप्टेड आणि वेतन कायद्याच्या हिशेबात एक्झेम्प्ट असू शकतो. दुसरी गोष्ट तपासण्यासाठी आपला एसएफ-५० हा नेमणुकीचा कागद उघडावा. त्यात ३५ क्रमांकाच्या चौकटीत ‘ई’ किंवा ‘एन’ असे एकच अक्षर असते : ‘एन’ असेल तर एफएलएसएचे किमान वेतन व ओव्हरटाइमचे संरक्षण आहे, ‘ई’ असेल तर नाही. शटडाऊनमध्ये कार्यालयीन पोर्टल उघडेलच याची खात्री नसते. एसएफ-५० आणि अलीकडच्या दोन-तीन पगारपत्रकांच्या प्रती आधीच स्वतःजवळ घरी ठेवाव्यात.

पायरी २ : फर्लोवर असाल तर काम करू नका

तरतूद संपल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी काही तास, बहुधा चारपर्यंत, व्यवस्थित आवराआवर करण्यासाठी दिले जातात : टाइमशीट भरणे, सूचना स्वीकारल्याची पोच देणे, ई-मेलवर बाहेर असल्याचा निरोप लावणे. त्यानंतर फर्लोवरील माणसाने कार्यालयीन फोन किंवा लॅपटॉपवरून कामाचे काहीही करायचे नसते. एवढी एक फाइल बघून टाकू, कोणाला काय कळणार, हा आपला नेहमीचा कामसूपणा येथे अंगाशी येऊ शकतो, कारण स्वेच्छेने केलेले फुकट काम हेच अँटीडेफिशियन्सी कायद्याला नको आहे. दुसरीकडे, तुम्ही ‘एन’ वर्गात असाल आणि वरिष्ठाने काम सांगितले, किंवा तुम्ही करत आहात हे माहीत असून थांबवले नाही, तर ते वेतनपात्र काम ठरते. म्हणून असा निरोप आला तर ‘मी फर्लोवर आहे, परत बोलावायचे असेल तर लेखी सूचना द्यावी’ असे सौम्य उत्तर पाठवून ते जपून ठेवावे.

फर्लोवरील माणसाने काम केलेले नसल्यामुळे एफएलएसएखाली त्याला मागण्यासारखे काही उरत नाही. त्याचे संरक्षण पूर्णपणे पायरी ४ मधल्या कायद्यावर अवलंबून आहे.

पायरी ३ : कामावर असाल तर तासांची नोंद स्वतः ठेवा

एक्सेप्टेड कर्मचाऱ्याला केलेल्या कामाचे पैसे मिळणारच असतात, कारण त्याला कामावर बोलावताना सरकारने ते दायित्व कायदेशीरपणे स्वीकारलेले असते. मात्र शटडाऊनमध्ये वेळ नोंदवणारे कारकून स्वतःच फर्लोवर असतात, पाळ्या बदललेल्या असतात, आणि सगळे सुरू झाल्यावर पगार विभाग घाईने अंदाजी आकड्यांवर पहिली रक्कम सोडतो. चूक होते ती बहुतेक ओव्हरटाइम, रात्रपाळीचा फरक आणि सुट्टीच्या दिवसाचा वाढीव पगार यांत. रोजची सुरुवात, शेवट, जेवणाची सुटी आणि काम सांगणाऱ्याचे नाव एवढ्या चार गोष्टी साध्या वहीत लिहिल्या तरी पुरते. कामाचा गोपनीय तपशील मात्र त्या वहीत नको.

२०१९ पर्यंत शटडाऊनमध्ये एक्सेप्टेड कर्मचाऱ्याला पगारी रजा घेता येत नसे. आजारी पडला तरी त्याला त्या दिवसापुरता फर्लोवर टाकले जाई. आता कायद्याने रजा वापरता येते, पण मंजुरी लागते. पगार नाही म्हणून न कळवता घरी बसणे म्हणजे विनापरवानगी गैरहजेरीच ठरते आणि त्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

पायरी ४ : २०१९ च्या कायद्याचे शब्द वाचा

जानेवारी २०१९ पर्यंत फर्लोच्या दिवसांचा पगार मिळेल की नाही हे दर वेळी काँग्रेसच्या मर्जीवर होते. तो मिळत आला होता, पण प्रत्येक शटडाऊननंतर त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागे. १६ जानेवारी २०१९ रोजी, ३५ दिवसांचा शटडाऊन चालू असतानाच, गव्हर्न्मेंट एम्प्लॉयी फेअर ट्रीटमेंट अॅक्टवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. २२ डिसेंबर २०१८ पासूनच्या प्रत्येक शटडाऊनला तो लागू आहे. त्याचा गाभा असा : फर्लोवरील आणि एक्सेप्टेड अशा दोन्ही कर्मचाऱ्यांना त्या काळाचा पगार नेहमीच्या दराने, शटडाऊन संपल्यावर शक्य तितक्या लवकर, ठरलेल्या पगाराच्या तारखेची वाट न पाहता दिला जाईल. वॉशिंग्टन डीसीच्या सार्वजनिक सेवकांचाही त्यात समावेश आहे.

त्यानंतर नऊच दिवसांनी, शटडाऊन संपवणाऱ्या कायद्यात, काँग्रेसने या कलमाला ‘शटडाऊन संपवणारे खर्चाचे कायदे संमत होण्याच्या अधीन राहून’ अशा अर्थाची एक पुस्ती जोडली. सहा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातील एका टिपणाच्या बातम्या आल्या, ज्यात याच शब्दांचा आधार घेऊन असे म्हटले होते की फर्लोवरील लोकांना मागचा पगार आपोआप मिळत नाही, त्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र पैसे मंजूर केले पाहिजेत. कायदा ज्या हेतूने झाला तो पाहता हा अर्थ मला ओढूनताणून काढलेला वाटतो, कारण तो मान्य केला तर २०१९ पूर्वीची अनिश्चितताच परत येते आणि कायदा कशासाठी केला हा प्रश्न उरतो. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी शटडाऊन संपवणाऱ्या कायद्यात मागच्या पगाराची स्पष्ट तरतूद केली गेली, त्यामुळे हा वाद न्यायालयात तडीस गेला नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा उकरला जाणार नाही असे समजू नये. शटडाऊन संपवणारे विधेयक येईल तेव्हा त्यात मागच्या पगाराचे वाक्य आहे का, हे आपल्या युनियनकडून किंवा स्वतः वाचून तपासावे.

पायरी ५ : उशिराच्या भरपाईची आशा कितपत धरावी

एफएलएसएचा भंग झाला तर थकलेल्या वेतनाइतकीच आणखी रक्कम भरपाई म्हणून मागता येते. मालकाने सद्भावनेने आणि वाजवी समजुतीने वागल्याचे सिद्ध केले तर न्यायालय ती कमी करू शकते. ऑक्टोबर २०१३ च्या १६ दिवसांच्या शटडाऊननंतर मार्टिन विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात एक्सेप्टेड कर्मचाऱ्यांनी हीच भरपाई मागितली. वेळेवर वेतन न देणे हा कायद्याचा भंग आहे आणि अँटीडेफिशियन्सी कायद्याची ढाल पुरेशी नाही, असे म्हणत कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या सरकारविरुद्धचे पैशांचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीश पॅट्रिशिया कॅम्पबेल-स्मिथ यांनी २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल टिकला असता तर हाती काय आले असते, ते एका आठवड्यापुरते मांडून पाहू. समजा, ‘एन’ वर्गातील एका तपासनिसाचा दर ताशी २४ डॉलर आहे आणि शटडाऊनच्या एका आठवड्यात त्याने ४६ तास काम केले. त्याचा मूळ पगार ४० तासांचे ९६० आणि ६ तासांचे दीडपट दराने २१६, असे मिळून १,१७६ डॉलर. भरपाई मात्र पूर्ण पगाराइतकी होत नाही, कारण एफएलएसए फक्त किमान वेतनाची आणि ओव्हरटाइमची हमी देतो : ४० तासांचे ७.२५ च्या दराने २९० आणि ओव्हरटाइमचे २१६, म्हणजे ढोबळमानाने ५०६ डॉलर. पाच आठवड्यांच्या शटडाऊनमध्ये ही रक्कम घरभाडे निघेल इतकी झाली असती.

ती वाट आता उरलेली नाही. २०१८-१९ च्या शटडाऊनमधील सीमाशुल्क व सीमासुरक्षा कर्मचाऱ्यांच्या अव्हालोस विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २०२२ च्या अखेरीस दोन विरुद्ध एक अशा मतांनी सांगितले, की अँटीडेफिशियन्सी कायदा पैसे देण्यास मनाई करत असताना पगार पुढे ढकलला, तर सरकारकडून एफएलएसएचा भंगच होत नाही. आणि भंग नाही म्हटल्यावर भरपाईचा प्रश्न येत नाही. २०१३ च्या दाव्याचा आधारही त्यामुळे सुटला. फेडरल कर्मचाऱ्यांच्या अशा दाव्यांचे अपील याच न्यायालयात जात असल्याने हा निकाल देशभर बांधील आहे. तेव्हा ‘दुप्पट पगार मिळवून देतो’ अशी जुन्या निकालाच्या जोरावरची जाहिरात दिसली, तर ती २०२२ पूर्वीची आहे का ते पाहावे.

एक मर्यादा ध्यानात घ्यावी. हा निकाल शटडाऊनच्या काळात लांबलेल्या पगारापुरता आहे. शटडाऊन संपल्यावर ओव्हरटाइम दिलाच नाही किंवा तास कमी धरले, तर एफएलएसएचा नेहमीचा दावा शाबूत असतो, आणि पायरी ३ मधली वही तेथे उपयोगी येते.

पायरी ६ : मधल्या काळातले पैसे

पगार पंधरवड्याने होत असल्यामुळे झळ लगेच जाणवत नाही. २२ डिसेंबर २०१८ ला शटडाऊन लागला तेव्हा आधीच्या पंधरवड्याचा पगार मिळाला. पहिला कोरा पगार अनेक खात्यांत ११ जानेवारीला दिसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याच्या सुरुवातीच्या पगारात सप्टेंबरचे दिवस असल्याने तो अर्धवट आला आणि पूर्ण कोरा पगार महिनाअखेरीकडे. हे दोन-तीन आठवडे हातात असतात. त्यात ज्यांना लिहायचे त्यांना लिहून टाकावे : घरमालक, गृहकर्जाची बँक, गाडीचे कर्ज. धनकोंना देण्यासाठी नमुना पत्रे फेडरल सेवेचे मनुष्यबळ कार्यालय, म्हणजे ओपीएम, उपलब्ध करून देते. पगारातूनच परस्पर वळणाऱ्या रकमा थांबतात, तर बँकेने खात्यातून ओढून घेण्याचे हप्ते थांबत नाहीत. पुण्यात किंवा नाशिकला घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता एनआरई या अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यातून जात असेल, तर दरमहा डॉलर पाठवण्याची सवय चुकताच तो पैशांअभावी परत फिरतो. दोन हप्त्यांची रक्कम त्या खात्यात आधीच राहू द्यावी.

आरोग्यविमा चालू राहतो. कर्मचाऱ्याच्या वाट्याचा हप्ता साठत जातो आणि परत आल्यावर पगारातून कापला जातो. बचत योजनेतले, म्हणजे टीएसपीमधले योगदान मात्र थांबते. फर्लोवरील कर्मचारी फेडरल बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करू शकतो. अर्ज सहसा ज्या राज्यात नेमणुकीचे ठिकाण आहे तेथे करायचा असतो. राहणे मेरीलँडला आणि कार्यालय डीसीत असेल तर डीसीला. एसएफ-८ हा बेरोजगारी विम्याच्या सूचनेचा फॉर्म, एसएफ-५० आणि पगारपत्रक लागते. मागचा पगार मिळाल्यावर हा भत्ता परत करावा लागतो, म्हणून तो बिनव्याजी उसना समजून वेगळा ठेवावा. पूर्णवेळ काम करणाऱ्या एक्सेप्टेड माणसाला तो सहसा मिळत नाही. त्याच्यासाठी नेव्ही फेडरलसारख्या क्रेडिट युनियनची, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थांची, बिनव्याजी कर्जे असतात, आणि मेरीलँड राज्यानेही अशा कर्मचाऱ्यांना ७०० डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले आहे. फर्लोच्या दिवसांत बाहेरचे काम करता येते, पण नीतिनियम त्या काळातही लागू असतात आणि काही खात्यांत पूर्वपरवानगी लागते.

पायरी ७ : कॉन्ट्रॅक्टर असाल तर

व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधले अनेक मराठी लोक सरकारी कार्यालयात बसत असले तरी कंत्राटी कंपनीचे नोकर असतात, कारण बहुतेक फेडरल पदांना अमेरिकी नागरिकत्व लागते. त्यांना २०१९ चा कायदा लागू नाही. काम थांबलेल्या दिवसांचे पैसे सरकार देत नाही. पण कंपनीला अँटीडेफिशियन्सी कायद्याची सबबही नाही. तुमच्याकडून काम करून घेतले तर पगार ठरल्या दिवशीच द्यावा लागतो, मग सरकारकडून बिल वसूल झालेले असो वा नसो. एफएलएसएच्या अर्थाने एक्झेम्प्ट आणि मासिक किंवा साप्ताहिक पगारावरील माणसाने आठवड्यात थोडे जरी काम केले, तरी काम नव्हते या कारणाने त्या आठवड्याचा पगार कापता येत नाही. सबंध आठवडा काहीच काम केले नसेल तरच तो टाळता येतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना याहून भक्कम संरक्षण आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. काम उपलब्ध नाही म्हणून बसवून ठेवलेल्या काळातही मालकाने अर्जात लिहिलेले वेतन देणे बंधनकारक आहे. शटडाऊनमुळे प्रकल्प थांबला हे कारण चालत नाही. कंपनीने बिनपगारी रजेचा अर्ज ‘स्वेच्छेने’ भरून मागितला, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावा. श्रम खात्याची तरतूद संपलेली असेल तर नव्या एलसीए अर्जांचे, म्हणजे एच-१बीसाठी मालकाने त्या खात्याकडे आधी करायच्या वेतनविषयक अर्जांचे, कामही थांबते, जसे २०१३ आणि २०२५ मध्ये झाले, म्हणून नोकरी बदलण्याचा बेत असेल तर तारखा त्याप्रमाणे आखाव्यात.

पायरी ८ : पगार आल्यानंतर

मागचा पगार एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांत येतो, त्यावर व्याज मिळत नाही, आणि तो ज्या वर्षी हातात पडला त्या वर्षाच्या करात मोजला जातो. पगारपत्रक वहीशी ताळून पाहावे : नेहमीचे तास, ओव्हरटाइम, रात्रपाळीचा फरक, साठलेला विमाहप्ता, जमा झालेली रजा. पहिल्या घाईच्या रकमेत राहिलेल्या बाबी सहसा पुढच्या एक-दोन पगारांत दुरुस्त होतात. तोवर वेळ नोंदवणाऱ्या कारकुनाला ई-मेलने कळवून ठेवावे.

दुरुस्ती झाली नाही, तर पुढचा मार्ग युनियनच्या करारावर अवलंबून असतो. तुम्ही करारातल्या गटात असाल आणि एफएलएसएचे वाद त्यातून वगळलेले नसतील, तर प्रशासकीय पातळीवर करारातली तक्रार प्रक्रियाच वापरावी लागते, आणि तिच्या मुदती फार आखूड असतात. इतरांना खात्याकडे किंवा ओपीएमकडे लेखी दावा दाखल करता येतो. श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे जाऊन उपयोग नसतो, कारण बहुतेक फेडरल खात्यांसाठी एफएलएसएची अंमलबजावणी ओपीएमकडे आहे. मुदत दोन वर्षांची, आणि खात्याने जाणूनबुजून भंग केला असेल तर तीन वर्षांची. ती खात्याला किंवा ओपीएमला लेखी दावा मिळाल्याच्या तारखेपासून मागे मोजतात, म्हणून पोच घ्यावी. सामूहिक खटल्यात सहकारी सामील झाले म्हणून आपण आपोआप सामील होत नाही. त्यासाठी स्वतःची लेखी संमती न्यायालयात दाखल व्हावी लागते, आणि ती दाखल होईपर्यंत आपली मुदत चालूच राहते.